मोझांबिकची तूर आणि आपल्या पोरांचे पैसे

गेल्या महिन्यात नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या एका फंक्शन हॉलमध्ये बैठक होती. असरनंतरची वेळ दिली होती, मगरिबपर्यंत हॉल भरला. निमंत्रण व्हॉट्सॲपवरून फिरलं होतं: 'मोझांबिक – गुंतवणुकीची सुवर्णसंधी, शंभर टक्के हलाल'. सुटाबुटातल्या एका गृहस्थांनी पडद्यावर आफ्रिकेचा नकाशा लावला आणि एकेक क्षेत्र उलगडत नेलं. शेती, कोळसा, नैसर्गिक वायू, बंदरं, पर्यटन, घरबांधणी. प्रत्येक पानावर हिरवा बाण वर जाणारा. शेवटी गाडी मुद्द्यावर आली. मोझांबिकमध्ये पाच एकर तुरीची जमीन, तुमच्या नावावर. पेरणी, काढणी, निर्यात सगळं कंपनी बघणार. तुम्ही दीड लाख द्यायचे आणि दरमहा तीन टक्के नफा घ्यायचा. बिर्याणी चांगली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझ्या शेजारी पंचविशीतला एक मुलगा बसला होता. मूळचा उदगीरकडचा, लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मशीनवर काम करतो. बहिणीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे त्याच्याजवळ होते. तो हळूच म्हणाला, "सर, तूर तो सच्ची है. हमारे मिल में आती वहां की. तो ये भी सच्चाच होगा ना?"

मी तिथे त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते इथे देतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

तूर खरी आहे, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर. किंबहुना मराठवाड्यातल्या माणसाला मोझांबिक जितका जवळचा आहे तितका पुण्या-मुंबईच्या माणसाला नसेल. आपल्याला त्याची कल्पना नसते, एवढंच. २०१५ आठवा. दोन वर्षांचा दुष्काळ, तुरीची डाळ दोनशे रुपये किलोवर. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच २०१६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मोझांबिकची राजधानी मापुटोला गेले आणि तिथल्या तुरीचा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. लातूरच्या दुष्काळाने आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला तूर पेरायला लावलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मग काय झालं तेही आठवा. २०१६ ला पाऊस चांगला झाला. भाव बघून आपल्याही शेतकऱ्याने तूरच पेरली. २०१७ च्या सुरुवातीला बाजारात तुरीचे ढीग लागले. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल होता, पण आडतीवर तेवढा भाव मिळेना. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टर रांगेत दिवसच्या दिवस उभे राहिले. आरडाओरड झाली तेव्हा ५ ऑगस्ट २०१७ ला केंद्राने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातली तूर त्यातून वगळली होती, पण खासगी व्यापाराला खीळ बसली.

इकडे आपण सुटकेचा निःश्वास टाकला. तिकडे नेमका सुगीचा हंगाम होता. मोझांबिकमध्ये तुरीला 'फेजांव बोएर' म्हणतात. शेजारच्या मलावीत तिला 'नंडोलो' म्हणतात आणि आवडीने खातात. पण मोझांबिकचा शेतकरी ती मुख्यतः विकण्यासाठी पिकवतो, आणि विकायची म्हणजे भारतालाच. दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक जगात नाही. एका अधिसूचनेने त्याचा भाव कोसळला. नांपुला किंवा झांबेझिया प्रांतातल्या त्या शेतकऱ्याने लातूरचं नावही ऐकलं नसेल. त्याच्याकडे एक-दोन हेक्टर जमीन, हातात कुदळ, आणि गावात येणारा व्यापारी सांगेल तो भाव. आपल्या औसा-निलंग्याच्या, मुखेड-कंधारच्या कोरडवाहू माणसाशी त्याची ओळख करून दिली तर दोघांना एकमेकांची भाषा कळणार नाही, पण गाऱ्हाणं लगेच कळेल.

२०२१ मध्ये वारं पुन्हा फिरलं. मे महिन्यात केंद्राने तुरीची आयात परत मुक्त केली, मोझांबिकशी पुढच्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २ लाख टनांचा करार केला, मलावीशी ५० हजार टनांचा. आफ्रिकेची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते आणि आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात यायच्या आधी न्हावाशेवाला उतरते. गजरी, पांढरी, मटवारा, अरुशा ही नावं लातूरच्या डाळ मिलवाल्यांच्या तोंडी असतात. त्यामुळे एकच जहाज आपल्याकडे दोन घरांत दोन बातम्या घेऊन येतं. मिलमध्ये काम करणाऱ्या पोराला वाटतं, चला, पाळ्या सुरू राहतील. त्याच्या मामाला, ज्याची चार एकर तूर फुलोऱ्यात आहे, वाटतं, पोटलीतला भाव आता पडणार. दोघंही खरंच बोलतात.

त्या हॉलमधल्या गृहस्थांच्या पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. तुरीच्या धंद्यातला खरा धोका पाऊस नाही, कीड नाही. दिल्लीतली अधिसूचना हा खरा धोका आहे. महागाई वाढली की दार उघडतं, शेतकरी ओरडला की बंद होतं. ज्याला हे माहीत आहे तो दरमहा तीन टक्क्यांची हमी देऊच शकत नाही. ज्याला माहीत नाही त्याच्याकडे आपण पैसे का द्यावेत?

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

मोझांबिक १९७५ मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि सगळी जमीन राज्याच्या मालकीची झाली. आजही तिथली राज्यघटना तेच सांगते. १९९७ च्या जमीन कायद्यानुसार जमीन विकता येत नाही, विकत घेता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. मिळतो तो फक्त वापराचा हक्क. त्याला पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून 'दुआत' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या गावकऱ्यांचा हा हक्क कागद नसला तरी मानला जातो. बाहेरच्या गुंतवणूकदाराला तो जास्तीत जास्त ५० वर्षांसाठी मिळू शकतो, नूतनीकरणाची सोय आहे, पण त्यासाठी मंजूर झालेला प्रकल्प लागतो आणि त्या गावच्या लोकांशी सल्लामसलत करावी लागते. थोडक्यात, तिथे सातबारा नावाची गोष्टच नाही. नांदेडच्या हॉलमध्ये बसून कुणाच्या नावावर पाच एकर करून देणं म्हणजे गोदावरीचं पात्र प्लॉट पाडून विकण्यासारखं आहे.

आणि ज्यांनी हे रीतसर, सरकारांच्या पाठबळाने करायचा प्रयत्न केला त्यांचं काय झालं? ब्राझील, जपान आणि मोझांबिक या तीन सरकारांनी २००९ पासून उत्तरेकडच्या नकाला पट्ट्यात 'प्रोसावाना' नावाचा प्रचंड शेती प्रकल्प आखला. तिथल्या शेतकरी संघटनांनी विचारलं, आमच्या जमिनींचं काय? वर्षानुवर्षं त्यांनी तो लढा चालवला. शेवटी २०२० मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. मला त्या शेतकऱ्यांचा अभिमान वाटतो. पण तीन सरकारांना जे जमलं नाही ते देगलूर नाक्यावरची कंपनी करणार, यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं.

बाकीच्या क्षेत्रांबद्दल थोडक्यात. कोळसा: रिओ टिंटो या जगातल्या बड्या खाण कंपनीने २०११ मध्ये सुमारे ३७० कोटी डॉलर मोजून तेते प्रांतातल्या खाणी घेतल्या. कोळसा होता, पण तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा? झांबेझी नदीतून तराफ्यांनी न्यायला परवानगी मिळाली नाही, रेल्वे पुरेशी नव्हती. २०१४ मध्ये त्यांनी तो पसारा ५ कोटी डॉलरला विकला. घेणारी कोण, तर आपल्या सरकारी कंपन्यांनी मिळून केलेली आयसीव्हीएल. वायू: रोवुमा खोऱ्यातल्या एका मोठ्या वायू प्रकल्पात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. म्हणजे नांदेडचा करदाता आधीच मोझांबिकमध्ये गुंतवणूकदार आहे. मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला झाला आणि पुढच्या महिन्यात चालक कंपनी टोटालने काम थांबवलं. ते वर्षानुवर्षं थांबून राहिलं.

इथे क्षणभर थांबतो. हा काबो डेल्गादो प्रांत मुस्लिमबहुल आहे. जमिनीत वायू आहे, माणकं आहेत, किनारा सुंदर आहे. गुंतवणुकीच्या कुठल्याही पडद्यावर हा प्रांत पहिल्या नंबरला असतो. आणि तिथला तरुण देशातल्या सर्वांत गरीब तरुणांपैकी एक आहे. २०१७ पासून तिथे धर्माचं नाव घेऊन मुंडकी उडवणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, लाखो लोक घरदार सोडून पळाले. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमानच. या हिंसेचं समर्थन कुठल्याही तर्काने होऊ शकत नाही. पण आपल्या पायाखालची संपत्ती ट्रकमध्ये भरून जाताना रोज बघायची आणि त्या ट्रकवर क्लीनरचीही नोकरी मिळायची नाही, या अवस्थेत पोरं कुणाच्या हाती लागतात हे आपण समजून घेतलं पाहिजे. 'संधी' कुणाची, हा प्रश्न तिथे लोकांनी रक्ताने मोजलाय.

आपणही कधीकाळी कुणाच्या तरी पडद्यावरचा हिरवा बाण होतो, आजही आहोत. निजामाच्या काळात कापूस पिकत होता म्हणून नांदेडला उस्मानशाही मिल आली. कित्येक मुस्लिम, दलित घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटायची. ती बंद पडली तेव्हा गुंतवणूकदार दुसरीकडे गेले, कामगार नांदेडलाच राहिले. आता लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात रशियन भागीदारीतली कंपनी वंदे भारतचे १,९२० डबे बांधायला आली आहे. रशियातल्या कुठल्या तरी बैठकीत लातूरही 'विकसनशील प्रदेशातली उत्तम संधी' म्हणून दाखवलं गेलंच असेल. तिथे आपल्या आयटीआयच्या पोरांपैकी किती जण गेटच्या आत जातात, हे आपण आतापासून मोजायला हवं. मोझांबिककडे बघताना डोळ्यांपुढे हा आरसा ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आता 'हलाल' या शब्दाबद्दल. हा शब्द आपल्या पैशाचं कुलूप उघडायची किल्ली झालाय. बँकेचं व्याज नको म्हणून पैसा घरात पडून असतो. शेअर बाजाराची भीती वाटते. बँक आपल्याला कर्ज द्यायला कचरते, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलंय. अशा वेळी कुणी दाढीवाला, इंग्रजी बोलणारा माणूस येऊन म्हणतो, "ये सूद नहीं है, नफा है." आपण विरघळतो. हैदराबादच्या हिरा समूहाच्या प्रमुखांना २०१८ मध्ये अटक झाली, बंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये बुडाली, तिच्याविरुद्ध ४० हजारांहून जास्त तक्रारी आल्या. नांदेडहून, लातूरहून, बीदरहून किती घरांचे पैसे त्यांत अडकले याचा हिशोब मोहल्ल्यात लोक अजून कुजबुजत करतात. मोठ्याने बोलायची लाज वाटते. ही लाजच पुढच्या ठकसेनाच्या कामी येते.

फिकहमधली साधी गोष्ट आहे, आणि ती आपल्या मदरशात शिकवली जाते. मुदारबात पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. तोटा आला तर पैसेवाल्याचा पैसा जातो, मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. शिर्कतमध्ये दोघांचा पैसा, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. म्हणजे नफ्याचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम ठरवता येत नाही. टाकलेल्या पैशावर दरमहा तीन टक्के ठरवून देणं, मग पीक येवो न येवो, हे ज्या क्षणी कुणी कबूल करतो त्या क्षणी तो रिबाचीच गोष्ट करतो, नाव काहीही देवो. त्या बैठकीत दोन मौलाना साहेब पुढच्या रांगेत बसवले होते. त्यांना हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ते आपणहून बोलले नाहीत.

देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. लोकांकडून पैसा गोळा करून एकत्र गुंतवायचा, कारभार आपण बघायचा आणि नफा वाटायचा, अशा योजनेला सेबीची नोंदणी लागते. नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांच्या नावाने देशभर लोक बुडाले (तुमच्या अब्बांना विचारा, घरात एखादं सर्टिफिकेट निघेल), त्यानंतर १९९९ मध्ये हे नियम आले. परदेशी पैसा पाठवायचा तर तो बँकेतूनच जातो, फॉर्म भरून, कारण लिहून. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. नांदेडच्या एखाद्या चालू खात्यावर यूपीआय केलेला पैसा मोझांबिकला पोहोचत नाही, तो त्या खात्यावर पोहोचतो.

मग आपण आफ्रिकेकडे बघायचंच नाही का? असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या मराठवाड्याच्या मातीत मलिक अंबरने खडकी नगर वसवलं, पाण्याची नहर आणली, त्या मातीला आफ्रिका परकी नाही. तो हबशी गुलाम म्हणून विकत विकत इथे आला होता आणि निजामशाहीचा वजीर झाला. मोझांबिकचा किनारा तर शतकानुशतकं मुस्लिम व्यापाऱ्यांचा. त्या देशाला नावही मुसा बिन बीक नावाच्या एका मुस्लिम सरदारावरून पडलं, असं मानतात. वास्को द गामा १४९८ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा बंदरात अरबी बोलली जात होती. १७५२ पर्यंत पोर्तुगीज त्या मुलखाचा कारभार गोव्यातून बघत. गुजराती मुसलमान तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवतात.

त्यांनी काय केलं ते बघा. पैसा टाकून घरी बसले नाहीत. जाऊन राहिले, मकुवा आणि पोर्तुगीज शिकले, एक माल हाती धरला आणि तो ओळखायला शिकले. तरीही धोका सुटलेला नाही. २०२३ च्या अखेरीस निर्यातदारांच्या कोर्टकज्ज्यात नकाला बंदरावर तूर अडकून पडली आणि तिचा चटका इथल्या बाजाराला बसला. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर दंगे उसळले, दुकानं, गोदामं लुटली गेली. माहीतगार माणसाचंही नुकसान होतं. पण कशामुळे झालं ते त्याला कळतं आणि सावरायची वाट त्याला सापडते.

उदगीरच्या त्या मुलाकडे दीड लाखापेक्षा मोठं भांडवल आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. गजरी तुरीला तेल-पाणी किती लावायचं, ती किती उन्हं खाते, शंभर किलोतून सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ निघायची तिथे पासष्टच निघाली तर चूक रोलरची की वाळवणाची, हे तो दाण्यावर दात ठेवून सांगतो. मोझांबिकहून आपल्याकडे तूर प्रामुख्याने अख्खी येते. डाळ, चुनी, मजुरी, नफा सगळं इकडे. उद्या तिकडे मिली वाढल्या, आणि त्या वाढाव्यात, तो त्या देशाचा हक्क आहे, तर मशीन बसवणारे, चालवून दाखवणारे, शिकवणारे हात लागतील. ते हात लातूरमध्ये आहेत. आपले वेल्डर, फिटर, मोटार रिवाइंडिंगवाले, गंजगोलाईतले सुटे भाग विकणारे, यांच्यातले चार जण एकत्र आले, शिर्कतचा साधा करारनामा केला, पाचशे रुपये भरून आयात-निर्यातीचा कोड काढला, पहिला व्यवहार ईसीजीसीच्या विम्याखाली एका छोट्या डाळ मशीनचा केला, तर ती गुंतवणूक. हळू चालेल, दरमहा काही देणार नाही, पहिल्या वर्षी बहुधा तोटाच होईल. पण तिचे कागद तुमच्या कपाटात असतील.

आणि भाव ठरवताना एक लक्षात ठेवा. तिकडचा शेतकरी जेवढा नाडला जाईल तेवढी तूर इकडे स्वस्त उतरेल आणि औशाचा शेतकरी तेवढाच नाडला जाईल. २०२५-२६ चा आपला हमीभाव ८,००० रुपये आहे. बंदरावर त्याच्या खाली माल उतरला की तो आकडा कागदावर राहतो. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला रास्त भाव मिळणं आपल्याही मामा-चाचांच्या फायद्याचं आहे. हा हिशोब मला कुठल्याच गुंतवणूक परिषदेत दिसलेला नाही.

बैठकीनंतर आम्ही सहा-सात जणांनी त्या गृहस्थांना मोबाईलवर प्रश्न पाठवले. दुआत कुणाच्या नावावर आहे, त्याची प्रत द्या. कंपनी कुठे नोंदलेली आहे? सेबीची नोंदणी आहे का? पैसे कुठल्या बँकेतून बाहेर जाणार? एखाद्या हंगामात भारताने आयात बंद केली तर तीन टक्के कुठून देणार? दोन निळ्या खुणा त्याच रात्री दिसल्या. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. पुढची बैठक परभणीला आहे असं ऐकतो. तिथल्या साथींनी हेच प्रश्न छापून हॉलच्या दारात वाटायचं ठरवलंय. उदगीरच्या मुलाने पैसे दिलेले नाहीत. त्याने मला परवा फोन करून विचारलं, पोर्तुगीज शिकायला नांदेडात कुठे सोय आहे का. मी शोधतोय. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर कळवा.